वायलम : फाटकालगतचे आठ दिवस

गुरुवार, २२ मे

इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या विमानतळावर जावईबापू गाडी घेऊन आले होते. मी म्हटलं, बॅगा आणि हिला गाडीतून न्या, मी मागून रेल्वेने येतो. ही म्हणाली, "अहो, रात्रभराचं जागरण झालंय. आता पुरे की रेल्वे!" पण अडतीस वर्षं मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात घालवलेल्या माणसाने रेल्वेचा जनक म्हणवणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनच्या गावात मोटारीतून उतरायचं, हे काही मनाला पटेना. शेवटी जावईबापू बिचारे माझ्याबरोबर मेट्रोने सेंट्रल स्टेशनपर्यंत आले, मला गाडीत बसवलं आणि उलट्या पावली विमानतळावर गेले. ही तिथे सामानाच्या ढिगावर बसून होती. या एका हट्टाची किंमत मी पुढचे आठ दिवस फेडली.

गाडी म्हणजे दोन डब्यांची डिझेल. या मार्गावर वरची तार नाहीच. ब्लेडन सोडलं की उजव्या हाताला टाइन नदी दिसते, पलीकडे झाडी, आणि वीसेक मिनिटांत वायलम. उतरलो मी आणि एक कुत्रेवाल्या बाई. गाडी निघून गेली आणि मग नजर वर गेली. रुळांच्या डोक्यावर, दोन्ही मार्गांवर आडव्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली सिग्नलची केबिन! लाकडी, खिडक्याच खिडक्या असलेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. कर्जतपासून कसाऱ्यापर्यंत केबिनी मी किती पाहिल्या असतील, पण त्या सगळ्या रुळाच्या बाजूला. ही अशी मचाणावर बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. खाली फाटक. केबिनवाल्याला दोन्ही बाजूंची गाडी आणि पायाखालचं फाटक, सगळं एका जागेवरून दिसतं.

स्टेशन १८३५ चं. अजून वापरात असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या स्टेशनांत याची गणना होते. आमच्या कल्याणला गाडी आली ती १८५४ च्या १ मे रोजी. म्हणजे वायलमला गाड्यांची सवय होऊन एकोणीस वर्षं झाल्यावर. आणखी एक गंमत, ही न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वे सुरुवातीची बरीच वर्षं उजव्या बाजूने चालायची. सगळा देश डावीकडून आणि ही एकटी उजवीकडून.

स्टेशन नदीच्या दक्षिणेला, गाव उत्तरेला, मध्ये पूल. पूल ओलांडून लेकीच्या घरी पोचलो तेव्हा हिने चहा घेतला होता. माझ्यासाठी ठेवला नव्हता.

शुक्रवार, २३ मे

सकाळी पाचलाच लख्ख उजाडलेलं. रात्री साडेनऊपर्यंत सूर्य होता, त्यामुळे जेवण कधी आणि झोपायचं कधी याचा हिशेबच लागत नाही.

नातवाला शाळेत सोडायला गेलो. सहा वर्षांचा आहे, गावातल्या शाळेत चालत जातो. नॉर्थम्बरलँडच्या या भागात शाळा तीन टप्प्यांची. नऊ वर्षांपर्यंत गावातली 'फर्स्ट स्कूल', मग शेजारच्या गावी 'मिडल', तेराव्या वर्षी प्रडोला मोठी शाळा. ते शेजारचं गाव लिहितात 'ऑव्हिंगहॅम' आणि म्हणतात 'ऑव्हिंजम'. नातवाने माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला. रस्त्यात एक पिवळ्या कोटातल्या बाई हातात गोल पाटी घेऊन गाड्या थांबवत होत्या. पोरं पलीकडे गेली की पाटी खाली. मला म्हणाल्या, "ऑल राइट, पेट?" मी जरा थबकलो. वय सदुसष्ट, आणि मला कुणी पाळीव प्राणी म्हणावं? लेकीने संध्याकाळी उलगडा केला. इथे 'पेट' म्हणजे आपलं 'राजा', 'बाळा'. वयाचा संबंध नाही. दुधाच्या दुकानात, बसमध्ये, सगळीकडे तेच. चौथ्या दिवशी कुणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

गाव दोनेक हजार वस्तीचं. शेतं आहेत, मेंढ्या आहेत, पण शेतकरी फारसा दिसत नाही. सकाळी साडेसातला नीटनेटके कपडे केलेली माणसं स्टेशनाकडे नाहीतर मोटारीकडे जातात आणि संध्याकाळी सहाला परत येतात. म्हणजे आपल्याकडचं बदलापूर म्हणा, टाइनच्या काठावर, लोकसंख्या शंभरात एक केलेलं. फरक गाड्यांचा. इथे तासाला साधारण एक गाडी. मी जावईबापूंना म्हटलं, कल्याणला मला तीन मिनिटांनी दुसरी मिळते. ते म्हणाले, "बाबा, पण बसायला मिळतं का?"

दुकानं मोजली. किराणा, औषधांचं, पब चार, केस कापायचं. दवाखाना आहे, चर्च आहे, बँक नाही. प्रत्येक दारावर वेळेची पाटी. दुपारी दीडला बंद, बुधवारी अर्धा दिवस, शनिवारी एकपर्यंत, असं काहीबाही. लाल टपालपेटीवरसुद्धा पत्रं कधी काढणार त्याची वेळ. आयुष्यभर वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला हे आवडायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी मी जिथे गेलो तिथे पोचायला दहा मिनिटं उशीर झाला.

शनिवार, २४ मे

आज तीर्थयात्रा. ही आली नाही. "तुमचा देव, तुम्ही जा," म्हणाली. नातू आला, त्याची सायकल घेऊन.

गावाच्या पूर्वेला नदीकाठाने सपाट, सरळ वाट जाते. ही जुनी वॅगनवे. इथल्या कोळशाच्या खाणीतून लेमिंग्टनच्या धक्क्यापर्यंत आठेक किलोमीटर घोडे वाघिणी ओढत न्यायचे. रूळ आधी लाकडी, १८०८ च्या सुमारास ओतीव लोखंडी. गेज पाच फूट. आता रूळ नाहीत. सायकली, कुत्री, बाबागाड्या. पण रेल्वेवाल्याला जमीन ओळखता येते. चढ नाही, वळण मोठं, बाजूला पाणी जायला चर. रूळ उखडले तरी फॉर्मेशन, म्हणजे रुळांखाली बांधून काढलेली जमीन, लपत नाही.

किलोमीटरभर चाललो आणि डाव्या हाताला ते घर. दगडी, कौलारू, दुमजली, १७६० च्या सुमाराचं. बाहेरून बऱ्यापैकी प्रशस्त वाटतं, पण आत चार कुटुंबं राहायची, आणि स्टीफन्सनांच्या वाट्याला एक खोली. आईबाप, मुलं, सगळी एका खोलीत. वडील खाणीच्या पंपाच्या इंजिनावर कोळसा टाकायचे. ९ जून १७८१ ला जॉर्ज इथे जन्मला. दारापासून चार पावलांवर वॅगनवे. म्हणजे पोराने डोळे उघडले ते चाकांच्या आवाजात. शाळा नाही. अठराव्या वर्षी रात्रशाळेत जाऊन अक्षरं शिकला.

घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि वर्षातले थोडेच दिवस उघडतं. आज बंद होतं. मी कुंपणाशी उभा राहिलो. परळच्या रेल्वे चाळीत माझी आत्या राहायची, एका खोलीत नऊ माणसं. त्या खोलीची आठवण इथे येईल असं वाटलं नव्हतं. नातू म्हणाला, "आजोबा, आत बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, एक खोली. तो म्हणाला, "मग ठीक आहे," आणि सायकल पुढे काढली.

जॉर्जचा मुलगा रॉबर्ट. त्याच्याशी आमचा सरळ हिशेब आहे. आमच्या मध्य रेल्वेची पूर्वज असलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लंडनमधला सल्लागार अभियंता हाच, आणि मुंबईला मुख्य अभियंता म्हणून आलेला जेम्स बर्कले त्याच्याच हाताखाली तयार झालेला. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची नाळ अशी या एका खोलीपर्यंत येते. माझं निवृत्तिवेतनसुद्धा.

येताना नदीकाठाच्या सावलीत पांढऱ्या फुलांचा गालिचा आणि लसणीचा घमघमाट. घरी सांगितल्यावर ही ताडकन उठली.

रविवार, २५ मे

सकाळीच हिच्याबरोबर पुन्हा नदीकाठी. रानलसूण. पान कर्दळीच्या पोपटी पिल्लासारखं, रुंद, मऊ. चुरगळलं की लसूण. लेकीने बजावलं होतं, अशाच पानांची 'लिली ऑफ द व्हॅली' विषारी असते, तेव्हा प्रत्येक पानाचा वास घे. हिने खरोखर एकेक पान नाकाला लावून पिशवीत टाकलं. येणारे-जाणारे "मॉर्निंग" म्हणत होते, आणि ही नाकाशी पान धरूनच मान हलवत होती. घरी येऊन कल्याणहून आणलेलं सुकं खोबरं, तीळ, लाल तिखट, आणि ही पानं तव्यावर कोमेजवून. खलबत्ता नाही म्हणून लाटण्याच्या टोकाने वाडग्यात कुटली. रंग हिरवट-तांबूस, चव आपल्या लसणीच्या चटणीची, पण मागे गवताचा ताजा वास. भाकरी असती तर!

दुपारी पबमध्ये जेवण. स्टेशनाला लागून 'बोटहाउस' आहे, पण आम्ही गावातल्याच दुसऱ्या एकात गेलो. पबबद्दल माझ्या डोक्यात परमिट रूम होती. मंद दिवे, चखणा, कोपऱ्यात कुणीतरी रडणारा. इथे आज्या होत्या, तान्ही बाळं होती, टेबलाखाली एक म्हातारा लॅब्रेडोर होता. वेटर येत नाही, आपण उठून काउंटरवर सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे. रविवारचं ठरलेलं भाजलेलं मांस, वर वाटीसारखा फुगलेला यॉर्कशायर पुडिंग. गोड असेल म्हणून हिने शेवटी ठेवला. तो गोड नसतो. शाकाहारी म्हणून आम्हाला काजू-अक्रोडाचा एक ठोकळा मिळाला, सोबत बटाटे दोन प्रकारचे. मी अर्धा पाइंट बिअर घेतली. ही खिडकीबाहेर बघत राहिली.

मग सामान आणायला प्रडोला, पुढच्या स्टेशनाच्या गावी, कारण तिथे मोठी दुकानं. चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो आणि शटर खाली. रविवारी मोठ्या दुकानांना, म्हणजे २८० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेच्या, सहाच तास परवानगी. १९९४ चा कायदा. छोटं किराणा दुकान मात्र रात्रीपर्यंत उघडं ठेवता येतं. म्हणून परत गावात येऊन दूध घेतलं, दोन पाइंटांची बाटली. एवढी वर्षं इथे राहून जावईबापूंना हे माहीत नव्हतं का? होतं. पण सासरेबुवा नदीवरचा पूल बघत थांबले होते. तो पूल पुढे सांगतो.

सोमवार, २६ मे

बँक हॉलिडे. गावात बँक नाही तरी सुट्टी आहे. वाचनालय बंद, औषधांचं दुकान बंद, बस रविवारच्या वेळेने. माझे डोळे सकाळपासून चुरचुरतायत, शिंका थांबत नाहीत. नातवाची आठवडाभर सुट्टी. दिवसभर पत्ते.

मंगळवार, २७ मे

औषधांच्या दुकानातल्या मुलीने माझ्याकडे बघूनच निदान केलं, गवताचे परागकण. डॉक्टरकडे जायची गरज नाही म्हणाली, एक साधी गोळी दिली. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घेता, झोप येते का, गाडी चालवता का, सगळं विचारलं. माझ्या पुढच्या आजीबाईंनी मोठी पिशवीभर औषधं नेली आणि पैसे दिले नाहीत. इंग्लंडात चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ठरावीक ९ पौंड ९० पेन्स पडतात, औषध स्वस्त असो की महाग. साठी ओलांडली की फुकट. आजीबाईंनी "टा-रा, पेट" म्हणून निरोप घेतला, तो मला होता की दुकानातल्या मुलीला, कळलं नाही.

आणि आज वाचनालय उघडं मिळालं. त्याच इमारतीत, त्याच वेळेला, रेल्वेचं संग्रहालय. संग्रहालय म्हणजे एक खोली. आमच्या वाडी बंदरच्या स्टोअरपेक्षा लहान. पण मी दोन तास बाहेर आलो नाही.

१८१३ साली खाणमालक ब्लॅकेट यांच्यापुढे प्रश्न होता की युद्धामुळे घोड्यांचा चारा महागला, तेव्हा वाफेचं इंजिन वॅगनवेवर चालेल का? लोकांना शंका ही की गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर जागच्या जागी फिरेल, पुढे जाणारच नाही. खाणीचे व्यवस्थापक विल्यम हेडली यांनी हाताने फिरवायच्या चाकांचा एक गाडा बनवला, त्यावर वजन टाकून माणसांकडून चाकं फिरवून घेतली, आणि दाखवून दिलं की वजन पुरेसं असेल तर चाक पकडतं. मग त्यांनी, खाणीतले यंत्र-कारागीर फोर्स्टर आणि गावचाच लोहार टिमथी हॅकवर्थ यांनी मिळून 'पफिंग बिली' बांधलं. वेग तासाला आठेक किलोमीटर. पण ओझ्याने ओतीव रूळ तुटायला लागले, म्हणून चार चाकांची आठ केली. पुढे मजबूत रूळ आल्यावर पुन्हा चार. हे वाचून मला हसू आलं. इंजिनवाले इंजिन बांधून मोकळे, त्रास रूळवाल्यांना. दोनशे वर्षांत खात्याखात्यांमधलं हे भांडण काही बदललेलं नाही. पावसाळ्यात भोर घाटात चाक घसरायला लागलं की आजही रुळावर वाळू सोडतात; हेडलींच्या गाड्याचाच तो धडा.

तिथे बसलेले गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. मी कल्याणचा आणि रेल्वेचा म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. त्यांची तक्रार ऐकण्यासारखी होती. "जॉर्ज इथे नुसता जन्मला, आठव्या वर्षी घरच्यांबरोबर निघून गेला. इंजिन केलं ते आम्ही, आणि पाट्या सगळ्या त्याच्या." बरं, ते इंजिनही इथे नाही. पफिंग बिली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, त्याचं भावंड 'वायलम डिली' एडिंबरात. टिकून राहिलेलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं रेल्वे इंजिन ज्या गावात बनलं, त्या गावात त्याची प्रतिकृती आणि फोटो. मी म्हटलं, आमच्याकडेही पहिल्या गाडीची इंजिनं उरलेली नाहीत, नावं तेवढी राहिली. साहिब, सिंध, सुलतान. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, स्पेलिंग विचारून.

पाच वाजता ते उठले, दिवे मालवले. किल्ली खिशात टाकून म्हणाले, "गॅन कॅनी." सांभाळून जा.

संध्याकाळी पुन्हा पुलावर. गावाच्या पश्चिमेला हॅग बँकचा जुना रेल्वेपूल, १८७६ चा. टाइनवरून एका झेपेत लोखंडी कमान, पात्रात एकही खांब नाही, आणि रस्ता कमानीला वरून टांगलेला. न्यूकॅसलचा प्रसिद्ध टाइन ब्रिज १९२८ चा. त्याच्या आधी पन्नास वर्षं ही कल्पना इथे खेड्यात उभी होती. १९६८ ला गाड्या बंद झाल्या, आता पायवाट. नदीच्या उत्तर काठचं जुनं स्टेशनही गेलं. तिथे मोटारी लावायची जागा आहे. दोन स्टेशनांच्या गावाला एक राहिलं, तरी शिल्लक राहिलं हेच खूप. त्या काळी देशभर अशी किती गेली.

बुधवार, २८ मे

कढीपत्ता संपला. आठवड्यात पहिल्यांदाच हिने गावाबद्दल तक्रार केली. तेव्हा बसने न्यूकॅसलचा वेस्ट रोड गाठला. तिथे आपल्याकडची दुकानं ओळीने: कढीपत्ता, ओली हळद, तांदळाची पिठी, हापूससुद्धा, डझनाच्या भावाकडे न बघता घेतला तर. लेक म्हणाली, "बाबा, हा रस्ता रोमन भिंतीवर आहे." म्हणजे खरोखर. हेड्रियन बादशहाने इ. स. १२२ मध्ये सुरू केलेली भिंत याच रेषेत गेली होती. तिच्यावर पुढे रस्ता झाला, रस्त्यावर दुकानं. परतताना हेडनला उतरून तिचा उरलेला तुकडा पाहिला. गवतात पडलेली रुंद, बुटकी भिंत. नातू तिच्यावरून धावला. ही बाजूच्या बाकावर बसून कढीपत्त्याच्या काड्या मोडत होती.

हेडनहून वायलम उताराने चालत. मोठी गाडी आली की आम्ही झुडपात, एवढा अरुंद रस्ता. चालक हात वर करून आभार मानतो. एका फाटकापाशी लाकडी पेटी, अंडी ठेवलेली, वर किंमत, बाजूला पैशांचा डबा. माणूस नाही. हिने पैसे टाकले, मग पुन्हा झाकण उघडून खात्री केली की ते आतच पडले.

गुरुवार, २९ मे

कचऱ्याचा दिवस. एका आठवड्याला घरचा कचरा, दुसऱ्याला पुनर्वापराचा, आणि कुठला आठवडा कुठला हे फ्रीजवरच्या कागदावर. सकाळी लवकर उठलो होतो म्हणून उपकार करायला गेलो आणि चाकांचा डबा ढकलत रस्त्यावर ठेवून आलो. सात वाजता शेजारच्या आजीबाई गाउनवरच बाहेर आल्या, माझा डबा बघितला, काही न बोलता आत नेला आणि दुसरा आणून ठेवला. नंतर लक्षात आलं, गल्लीतले सगळे डबे एका रंगाचे होते. सिग्नल खात्यातल्या माणसाकडून रंगाची चूक! लेकीला अजून सांगितलेलं नाही.

हिला लाज वाटली. चटणीची बरणी घेऊन गेली, "थोडी खा, तिखट आहे" हे इंग्रजीत पाठ करून. पंधरा मिनिटांत परत येणार होती, सव्वा तास लागला. बागेतली सगळी झाडं दाखवून झाली म्हणे, दोघींची भाषा वेगळी असूनही.

संध्याकाळी बेल वाजली. आजीबाई. हातात आमचीच बरणी, धुतलेली, आणि तिच्यात रुबार्बचा मुरंबा. ही दारातच उभी राहिली. "अहो," मला हळूच म्हणाली, "भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे यांना कुणी सांगितलं?" आजीबाईंनी चटणीबद्दल एवढंच सांगितलं की त्यांनी ती चीजबरोबर टोस्टवर खाल्ली आणि मग दोन ग्लास पाणी प्यायल्या. उद्या पुन्हा खाणार आहेत.

मुरंबा आंबट आहे. ही म्हणते, गूळ घालून पुन्हा आटवायला हवा.